गॅण्डाल्फची ग्रेड

बँकेत 'पासिंग पॉवर' नावाची एक वजनदार चीज असते. अमुक रकमेपर्यंतचा चेक क्लार्कने पास करायचा, त्यापुढचा ऑफिसरने, त्याहून मोठा मॅनेजरने. त्यामुळे माणसाची ताकद आकड्यात मोजता येते, यावर माझ्यासारख्या कॉमर्सवाल्याचा गाढ विश्वास. तो गेल्या रविवारी डळमळला.

नेरुळच्या आमच्या दोन खोल्यांत चिरंजीव मित्रांसह फासे टाकत बसले होते. महाभारतापासून फाशांचा आवाज आला की बापाच्या छातीत धस्स होतं. चौकशीअंती कळलं की हा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकनांनी १९७४ साली काढलेला खेळ. यात जो तो स्वतःला कोणीतरी समजतो. तसं आमच्या ऑफिसातही समजतात; पण इथे प्रत्येकाची पायरी कागदावर लिहिलेली असते. मंत्रांनासुद्धा पायऱ्या!

मार्च १९७७ मध्ये 'द ड्रॅगन' या नियतकालिकाच्या पाचव्या अंकात बिल सेलिगमन नावाच्या गृहस्थांनी टॉल्किनच्या कादंबरीतल्या गॅण्डाल्फ जादूगाराचं चक्क ऑडिट केलं. काठीच्या टोकाला उजेड, आग, वीज ही त्याची व्हाउचरं. तिसऱ्या पायरीच्या वरचा मंत्र कुठे नाही. आणि तिसऱ्या पायरीचे मंत्र पाचव्या पायरीच्या जादूगारालाच येतात. सबब, गॅण्डाल्फ फक्त पाचव्या पायरीचा! मूळ खेळात 'विझार्ड' हा हुद्दा अकराव्या पायरीला मिळे. म्हणजे बिचारा इतकी वर्षं ऑफिशिएटिंगवरच होता.

हिशेब चोख. पण असा हिशेब आपल्याकडे पूर्वीच गोत्यात आलेला आहे. चांगदेवांचं वय, आख्यायिकेप्रमाणे, चौदाशे वर्षं. वाहन वाघ, हातात सापाचा चाबूक. पायऱ्या मोजायच्या तर कागदाला पुरवणी जोडावी लागली असती. पण ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले आणि मायन्यापाशीच अडले. आशीर्वाद लिहावा की नमस्कार? शेवटी कोरा कागद धाडला. इतकी वर्षं जगून कोरेच राहिले, असा शेरा मुक्ताबाईंनी मारला म्हणतात.

गॅण्डाल्फचा खुलासा तर 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या १९५५ साली निघालेल्या तिसऱ्या भागाच्या परिशिष्टातच आहे. परिशिष्ट वाचतो कोण? कर्जदार फॉर्मची मागची बाजू वाचतो का? तिथे म्हटलंय, या जादूगारांना शक्तीला शक्तीने उत्तर द्यायला आणि धाक घालून हुकमत गाजवायला मनाई होती. म्हणजे खात्यात शिल्लक भरपूर, पण काढायला बंदी. काढलेल्या रकमेवरून शिल्लक कशी कळणार?

"बाबा, तुमची लेव्हल किती हो?" चिरंजीवांनी विचारलं.

आतल्या खोलीत आई खोकली. दोनदा प्रमोशन आलं, दोन्ही वेळा बदलीचं गाव ऐकून तिचा चेहरा उतरला, आणि दोन्ही वेळा मी लेखी नकार दिला. हे कुठल्या पायरीत बसतं?

"परिशिष्ट बघ," मी म्हटलं.

त्याने फासा टाकला. एक आला. "बाबा, चहा तुम्हीच टाका!"

थप्पड हा पहिल्या पायरीचा मंत्र माझ्याजवळ होता. पण शक्तीला शक्तीने उत्तर द्यायचं नसतं. मी आधण ठेवलं.