गॉथिक वाङ्मय आणि रचलेली छायाचित्रे

इंग्रजी वाङ्मयात ज्यास ‘गॉथिक’ म्हणतात, त्या कथाप्रकाराचा जन्मच एका लबाडीतून झाला. पंतप्रधानाचा पुत्र असलेल्या होरेस वॉलपोल ह्याने १७६४ च्या डिसेंबरात ‘द कॅसल ऑफ ऑट्रँटो’ ही कादंबरी प्रसिद्ध केली ती आपले नाव झाकून. हा एका जुन्या इटालियन ग्रंथाचा अनुवाद आहे, मूळ प्रत नेपल्स येथे १५२९ साली छापलेली असून ती उत्तर इंग्लंडातील एका जुन्या कॅथलिक घराण्याच्या ग्रंथसंग्रहात सापडली, असे त्याने प्रस्तावनेत ठोकून दिले. पुस्तक लोकांस आवडले, तेव्हा १७६५ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने कर्तृत्व कबूल केले. लंडननजीक स्ट्रॉबेरी हिल येथे त्याने बांधलेले घरही ह्याच वृत्तीचे होते. पाषाणातील कोरीव कामाचा भास व्हावा म्हणून जिन्याच्या भिंतींस रंगविलेला कागद लावलेला, आणि दालनाच्या छताची नक्षी कागदाच्या लगद्याची! मुंबईच्या राजाबाई टॉवरच्या कमानी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांस गॉथिक शिल्पाची कल्पना आहेच. वॉलपोलने ते शिल्प कागदावर उतरविले, आणि त्याच कागदावर भुतेही उतरविली.

ह्या वाङ्मयाचा रस कोणता, असा प्रश्न आपल्या रसशास्त्राच्या अभ्यासकास साहजिकच पडेल. निव्वळ भयानक म्हणावा, तर करुण आणि अद्भुत हे त्यात इतके मिसळलेले असतात की एकास दुसऱ्यापासून वेगळे काढता येत नाही. जीर्ण वाडा, पूर्वजांचे पाप, क्षयाने झिजणारी तरुणी आणि जे धड दिसत नाही त्याचे भय, ही त्याची सामग्री. एडमंड बर्क ह्याने १७५७ सालीच सांगून ठेवले होते की भय वाढते ते अस्पष्टतेने. अ‍ॅन रॅडक्लिफ हिने आपल्या कादंबऱ्यांतून तेच तत्त्व चालविले.

आता कॅमेऱ्याची अडचण ध्यानी येईल. हे यंत्र अस्पष्टतेचे शत्रूच. एडगर अ‍ॅलन पो ह्याची अशर घराण्याच्या नाशाची कथा १८३९ साली प्रसिद्ध झाली, आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये दागेर ह्याची छायाचित्रणाची रीत जाहीर झाली. पोने ह्या नव्या कलेचे कौतुक पुढच्याच वर्षी केले, ते तिच्या काटेकोर खरेपणाबद्दल. भिंतीवरची प्रत्येक वीट दाखविणाऱ्या यंत्राकडून अशरच्या वाड्यावरची मरगळ कशी काढून घ्यावी? ह्याचे उत्तर कॅमेऱ्यात सापडले नाही. ते सापडले छापण्याच्या खोलीत.

त्या काळच्या कलोडियनच्या काचा निळ्या प्रकाशास अतिशय संवेदनशील असत. जमीन नीट उमटावी इतका वेळ उजेड दिला की आकाश कोरे पांढरे पडे. म्हणून फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे ह्याने १८५६ च्या सुमारास समुद्राची एक काच आणि ढगांची दुसरी काच घेऊन दोन्ही एकाच कागदावर छापण्यास आरंभ केला. एक भाग छापताना दुसरा झाकावयाचा, मग तो उघडून पहिला झाकावयाचा, आणि सांधा क्षितिजाच्या रेषेत लपवावयाचा. अडचणीतून निघालेली ही युक्ती लवकरच भाव निर्माण करण्याचे साधन झाली. ऑस्कर रेय्लांडर ह्याने १८५७ साली तीसहून अधिक काचांतून एकच भव्य चित्र रचले, पण ते नीतिपाठाचे चित्र होते. आपल्या विषयाशी खरे नाते आहे ते हेन्री पीच रॉबिन्सनचे.

रॉबिन्सन मुळात चित्रकार. १८५८ साली त्याने पाच काचांतून ‘फेडिंग अवे’ हे चित्र सिद्ध केले. क्षयाने मरणोन्मुख झालेली मुलगी उशांवर टेकलेली आहे, दोन स्त्रिया तिच्याजवळ आहेत, आणि एक पुरुष सर्वांकडे पाठ करून खिडकीबाहेरच्या मेघाच्छादित आकाशाकडे पाहत आहे. त्या मुलीस कसलाही रोग नव्हता. सुमारे चौदा वर्षांची ती धडधाकट पोर होती, हे रॉबिन्सननेच सांगितले आहे. तथापि पाहणाऱ्यांपैकी कित्येकांनी ओरड केली की इतके खाजगी दुःख चव्हाट्यावर मांडणे हा निष्ठुरपणा होय. हेच दृश्य कुंचल्याने रंगविलेले असते, तर ही ओरड झाली नसती असे मला वाटते. छायाचित्रात जे दिसते ते घडलेलेच असणार, हा विश्वास लोकांच्या मनात वीस वर्षांतच इतका मुरला होता. राणीच्या पतीने, प्रिन्स अल्बर्टने, मात्र चित्राची प्रत विकत घेतली.

ह्याच विश्वासावर दुसऱ्या एका माणसाने दुकान थाटले. डेव्हिड ब्रूस्टर ह्या शास्त्रज्ञाने १८५६ साली एक गंमत सुचविली होती: उजेड देण्याचा वेळ अर्धा संपला की मनुष्याने चौकटीतून निघून जावे, म्हणजे काचेवर त्याची पारदर्शक आकृती राहते. लंडनच्या एका कंपनीने अशी भुताची चित्रे करमणूक म्हणून उघडपणे विकली. १८६० नंतर बोस्टन येथे विल्यम मम्लर ह्या दागिन्यांवर कोरीवकाम करणाऱ्याने तशीच चित्रे मृतात्म्यांची म्हणून विकण्यास प्रारंभ केला. अमेरिकेत तेव्हा यादवी युद्ध चालू होते. १८६५ पर्यंत त्यात सहा लाखांहून अधिक सैनिक मृत्यू पावले. मुलाच्या खांद्यामागे की पतीच्या खुर्चीमागे, कोठेतरी एखादी पांढरी छाया दिसावी म्हणून घरोघरची माणसे पैसे मोजीत होती. त्यांतील काही ‘आत्मे’ बोस्टनमध्येच जिवंत हिंडत असल्याचे आढळले! १८६९ साली न्यूयॉर्क येथे त्याच्यावर खटला झाला. सर्कसवाला बार्नम त्याच्याविरुद्ध साक्षीस आला, आणि ही युक्ती कोणासही साधते हे दाखविण्यासाठी लिंकनच्या भुतासह काढविलेले स्वतःचे चित्र त्याने पुढे केले. पुराव्याअभावी मम्लर सुटला. पुढे लिंकनची विधवा पत्नी मेरी त्याच्याकडे गेली आणि पतीचे चित्र घेऊन परतली. एका शोकाकुल स्त्रीस मिळालेले ते सांत्वन खोटे म्हणावे काय, असे विचारणारे आजही भेटतात. मी ते खोटेच म्हणेन, कारण विकणाऱ्यास ते ठाऊक होते.

आपल्याकडे ह्याच काळाच्या शेवटी नाथद्वाराच्या चित्रकारांनी एक पद्धत रूढ केली. श्रीनाथजींच्या मूर्तीच्या दोन्ही बाजूंस यात्रेकरूंच्या आकृती रंगवावयाच्या आणि त्यांच्या मुखांच्या जागी त्यांच्या छायाचित्रातील मुखे कापून चिकटवावयाची. बडोद्याकडच्या वाचकांस ही मनोरथाची चित्रे परिचयाची असतील. सांधा डोळ्यांस दिसतो, तो कोणी लपवीतही नाही, आणि भक्ताचे त्यावाचून काही अडत नाही.

ज्युलिया मार्गारेट कॅमेरन (जन्म कलकत्ता, १८१५) हिची रीत ह्याच्या जवळची वाटते. टेनिसनच्या आर्थर राजाच्या काव्यासाठी तिने १८७४-७५ मध्ये चित्रे काढली. मृत्युपंथास लागलेला राजा नावेत आहे, भोवतीचे पाणी म्हणजे मलमलीचे कापड, आणि वरचा चंद्र तिने काचेवर सरळ ओरखडून काढलेला. ओरखडे स्पष्ट दिसतात. समकालीन टीकाकारांनी तिच्या कामातील ढिसाळपणावर कोरडे ओढले. पण त्या चांदण्यात जे औदासीन्य आहे ते रॉबिन्सनच्या सफाईत नाही.

विसाव्या शतकात ही कला पुन्हा वाड्यांकडे वळली. मुर्नाऊ ह्याने १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ चित्रपटात रथ अरण्यातून धावतो तो भाग निगेटिव्हमध्येच दाखविला. झाडे पांढरी, आकाश काळे. सायमन मार्स्डेन ह्या इंग्रज छायाचित्रकारास हाच परिणाम इन्फ्रारेड फिल्मवर मिळाला. तिच्यावर हिरवी पाने बर्फासारखी उमटतात आणि निरभ्र आकाश काजळते. पोच्या कथांसाठी त्याने केलेला संग्रह १९८८ साली प्रसिद्ध झाला.

परंतु सर्वांत थोर काम न्यू ऑर्लिन्सच्या क्लॅरेन्स जॉन लॉफलिनचे (१९०५–१९८५). मिसिसिपीकाठच्या ओस पडलेल्या हवेल्यांवरचा त्याचा ग्रंथ १९४८ साली निघाला. खांब ढासळलेले, भिंतींस वेली लागलेल्या, आणि कोठे कोठे एकावर एक छापलेली बुरखाधारी स्त्रीची आकृती. ह्या हवेल्या उसाच्या नि कापसाच्या मळ्यांच्या धन्यांच्या होत्या, आणि त्या उभ्या राहिल्या गुलामांच्या श्रमावर. त्या पानांतून फिरणारी बुरख्यातील स्त्री बहुधा गोरी मालकीणच वाटते. ज्यांनी विटा वाहिल्या त्यांची छाया कोणत्याही काचेवर घेतलेली नाही.