काल्व्होचा देश आणि ‘आवश्यक’ हा शब्द

परकीय भांडवलाला संरक्षण किती द्यावे आणि राज्यसंस्थेचा नियमनाचा अधिकार कोठवर मानावा, हा वाद आर्थिक परिभाषेत मांडला जातो; पण मुळात तो अर्थनिर्णयाचा वाद आहे. करारातील शब्दाचा अर्थ शेवटी कोणी लावायचा, हा त्यातला खरा प्रश्न. अर्जेंटिनाच्या इतिहासात तो ठळकपणे दिसतो.

परकीयाला स्थानिक नागरिकापेक्षा अधिक हक्क नसतात, त्याने त्याच देशाच्या न्यायालयात दाद मागावी, असा सिद्धांत अर्जेंटिनाचे कायदेपंडित कार्लोस काल्व्हो यांनी १८६८ मध्ये मांडला. त्यामागे अनुभव होता. पुढे १९०२ मध्ये ब्रिटन, जर्मनी व इटली यांनी थकलेल्या येण्यापोटी व्हेनेझुएलाच्या बंदरांची आरमारी नाकेबंदी केली, तेव्हा तिचा निषेध करणारे परराष्ट्रमंत्री द्रागो अर्जेंटिनाचेच होते.

कालांतराने तोफांची जागा लवादांनी घेतली. जागतिक बँकेच्या छत्राखाली गुंतवणूक-तंट्यांचे केंद्र १९६६ मध्ये उभे राहिले आणि १९९१ मध्ये अमेरिकेशी करार करून काल्व्होच्या देशाने परकीय गुंतवणूकदारांना थेट लवादाकडे जाण्याची वाट मोकळी केली. गॅसवाहिन्यांच्या व्यवसायात आलेल्या कंपन्यांना दर डॉलरमध्ये ठरवण्याचे आश्वासनही दिले गेले. जानेवारी २००२ मध्ये, अर्थव्यवस्था कोसळत असताना, आणीबाणीच्या कायद्याने हे दर पेसोमध्ये बदलले. त्या वर्षी निम्म्याहून अधिक जनता दारिद्र्यात होती.

सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी ‘आवश्यक’ उपाय योजण्याची मुभा करारात होती. सीएमएस कंपनीच्या दाव्यात लवादाने २००५ मध्ये ती नाकारली आणि सुमारे १३.३ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. एलजी अँड ई कंपनीच्या दाव्यात दुसऱ्या लवादाने २००६ मध्ये तेच संकट, तोच कायदा, तेच कलम पाहून सुमारे सतरा महिन्यांपुरती मुभा मान्य केली. पहिल्या निवाड्यात कायद्याच्या चुका असल्याचे फेरतपासणी समितीने २००७ मध्ये नोंदवले. तरीही भरपाई कायम राहिली, कारण चूक दुरुस्त करण्याचा अधिकार समितीला नव्हता.

गुंतवणूकदाराची तक्रार खोटी नव्हती; शब्द दिला गेला होता आणि तो मोडला गेला. पण संहितेची दोन परस्परविरोधी वाचने शेजारी नांदू शकतात, ही साहित्यात समृद्धी ठरते. न्यायात मात्र तिची किंमत त्या वाचनात ज्याला स्थान नाही, तो करदाता नागरिक मोजतो.