फायबरची बोट आतून का सडते?

फायबरग्लास कुजत नाही. तरीही 1970-80 च्या दशकांतल्या अनेक छोट्या मोटारबोटी आतून सडलेल्या निघतात, कारण त्यांच्या फायबरच्या आत प्लायवूड असतं. ज्यावर इंजिन टांगलेलं असतं ती मागची भिंत म्हणजे ट्रान्सम, आणि तळाला ताठ ठेवणारे लांब दांडे म्हणजे स्ट्रिंगर. स्क्रूच्या भोकांतून पाणी आत शिरतं, तिथेच अडकतं आणि लाकूड भुसभुशीत होतं. वरून रंग मात्र चकचकीत! सडलेला ट्रान्सम इंजिनाच्या जोराने फाटूही शकतो.

हातोडीने हलकं ठोकल्यावर टणक आवाजाऐवजी ‘भद्द’ आवाज आला, किंवा आतल्या बाजूने ड्रिल केल्यावर ओला, काळपट भुसा निघाला, तर लाकूड गेलं समजायचं.

दुरुस्तीत फायबरचा थर कापून सडकं लाकूड खरवडून काढतात, मरीन प्लायवूड इपॉक्सीने चिकटवतात आणि वर काचेच्या कापडाचे थर देतात. कापताना मास्क हवाच. बोटीला खालून सगळीकडे टेकू देऊन स्ट्रिंगर एकेक करूनच बदलावेत. सगळे एकदम काढले तर तळाचा आकार बिघडतो, आणि नवं लाकूड त्याच वाकड्या आकारात पक्कं होतं.

शेवटी इंजिनाच्या बोल्टसाठी आधी मोठं भोक पाडून ते इपॉक्सीने भरतात, मग त्यात हव्या मापाचं भोक पाडतात. म्हणजे पाणी लाकडापर्यंत पोहोचत नाही.