चौकोन दिसला तर घाबरू नका: ब्राउझरमध्ये हरवलेल्या मराठी अक्षरांची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोललो तेच आहे, फक्त मधले 'अं' आणि चहाचे घोट गाळलेत.

आजचा विषय तुम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलाय. मित्र नवा इमोजी पाठवतो आणि तुमच्या जुन्या फोनवर त्याच्या जागी नुसता रिकामा चौकोन येतो. किंवा एखादं जुनं मराठी वेबपेज उघडता आणि समोर इंग्रजी अक्षरांची खिचडी. आपण दोन्हीला एकच नाव देतो: 'फॉन्टचा प्रॉब्लेम आहे.' मी पोटापाण्यासाठी वेबसाइट्सचा कोड लिहितो, त्यामुळे असे स्क्रीनशॉट माझ्याकडे बरेच येतात. माझं म्हणणं असं की यातला चौकोन सगळ्यात गरीब बिचारा आहे. मराठीचं खरं नुकसान झालं ते स्क्रीनवर सगळं छान दिसत असताना.

अक्षर वेगळं, त्याचं चित्र वेगळं

कॉम्प्युटरला 'म' कळत नाही, त्याला आकडा कळतो. युनिकोडमध्ये 'म'चा आकडा आहे २३५०. फॉन्ट म्हणजे चित्रांचा अल्बम: २३५० मागितला की तो 'म'चं चित्र काढून देतो. ब्राउझर आधी वेबपेजने सांगितलेल्या फॉन्टमध्ये बघतो, तिथे नसेल तर तुमच्या फोनमधले बाकीचे फॉन्ट एकेक करून चाळतो. कोणाकडेच चित्र नसेल तर 'माझ्याकडे नाही' सांगणारं एक ठरलेलं चित्र दाखवतो, आणि ते बहुतेक वेळा चौकोन असतं. टाइप डिझाइनवाले गमतीने त्याला 'टोफू' म्हणतात, कारण तो टोफूच्या वडीसारखा दिसतो. २०१६ मध्ये गुगल आणि मोनोटाइपने ८०० हून जास्त भाषांसाठी जी फॉन्टमाला पूर्ण करून जाहीर केली, तिचं 'नोटो' हे नाव 'नो टोफू'वरूनच आलंय.

मुद्दा लक्षात घ्या. चौकोन दिसतो तेव्हा आकडा जागेवर शाबूत असतो. तोच मेसेज नव्या फोनवर पाठवा, अक्षर हजर!

बरोबर रस्ता पुण्यातूनच जात होता

भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणायचं मोठं काम १९८० च्या दशकात आयआयटी कानपूरला झालं. मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या तंत्राचं नाव 'जिस्ट'. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि हे काम तिथे आलं. याच प्रवासातून 'इस्की' हे मानक पक्कं झालं. भारतीय मानक ब्युरोची त्याची आवृत्ती १९९१ ची.

इस्कीची कल्पना साधी होती. अक्षरं ज्या क्रमाने बोलतो त्या क्रमाने साठवायची. 'कि' म्हणताना आधी 'क' येतो, मग वेलांटी. म्हणून साठवताना आधी 'क', मग 'ि'. वेलांटी डावीकडे नेऊन बसवणं, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवणं, जोडाक्षर जुळवणं, ही सगळी यंत्राची कामं. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली तेव्हा तिने देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतली. म्हणजे आज तुमच्या फोनमध्ये जी व्यवस्था आहे तिचा पाया तेव्हाच घातला गेला होता.

पण ही जुळवाजुळव करणं त्या काळच्या साध्या कॉम्प्युटरला जमत नव्हतं. त्यासाठी जिस्टचं वेगळं कार्ड बसवावं लागायचं. लग्नपत्रिका, दिवाळी अंक आणि निवडणुकीची पत्रकं छापणाऱ्या डीटीपीवाल्याला थांबायला वेळ नव्हता. त्याच्या पेजमेकरला फक्त इंग्रजी समजत होतं.

मग जुगाड निघाला. इंग्रजी फॉन्टमध्ये अक्षरांची चित्रं असतात ना, ती काढून त्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले. एका अक्षराच्या जागी काना, दुसऱ्याच्या जागी अर्धा 'स', तिसऱ्याच्या जागी रफार. टाइप करणाऱ्याला मराठी दिसायची, छापून मराठी यायची, पण फाइलमध्ये साठायची इंग्रजी अक्षरं. त्यात प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. एकीच्या फॉन्टमधला मजकूर दुसरीच्या फॉन्टमध्ये उघडला की भलतंच काहीतरी.

जुगाड करणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. त्यांच्यामुळे मराठी छपाई कॉम्प्युटरवर आली, हजारो लोकांचं घर चाललं. कागदावर छापायचं एवढंच काम असेल तर हा उपाय पुरेसा होता. भानगड झाली ती हाच मजकूर वेबवर चढला तेव्हा.

'आधी आमचा फॉन्ट डाउनलोड करा'

१९९० च्या दशकाच्या शेवटी मराठी वर्तमानपत्रं इंटरनेटवर येऊ लागली. बातमी वाचण्याआधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्यायचा. दुसरं वर्तमानपत्र, दुसरा फॉन्ट. परदेशातल्या मराठी माणसाला ऑफिसच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट टाकायची परवानगी नसेल, तर त्याच्या वाट्याला खिचडीच. नंतर पानासोबत फॉन्ट आपोआप उतरण्याची सोय आली, पण ती बहुतांशी इंटरनेट एक्सप्लोररमध्येच चालायची. दुसऱ्या ब्राउझरमध्ये पुन्हा तेच.

आणि ज्याच्याकडे सगळं नीट दिसत होतं, तिथेही सर्च इंजिनला ते मराठी आहे हे कळत नव्हतं. 'पाऊस' शोधला तर पावसाची बातमी सापडायची नाही, कारण पानात 'पाऊस' हा शब्दच नव्हता. अंध व्यक्तींसाठी मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही ती इंग्रजी खिचडीच वाचणार. मराठी वेबची सुरुवातीची वर्षं अशी चित्रात आहेत आणि मजकुरात नाहीत.

माझ्या मामाचं डीटीपीचं दुकान होतं. त्याच्या जुन्या हार्ड डिस्कवर स्मरणिका आहेत, दोन-तीन कवितासंग्रह आहेत, गावाच्या यात्रेचे अहवाल आहेत. ज्या फॉन्टमध्ये ते बसवले तो विकणारी कंपनी आता नाही. फाइल उघडते, आणि वाचता एक शब्द येत नाही.

युनिकोड आलं, तरी गाडी रुळावर यायला वेळ लागला

विंडोज २००० सोबत 'मंगल' हा युनिकोड फॉन्ट आला. पुढे एक्सपीमध्येही तो होता, पण इंग्रजी एक्सपीवर मराठी नीट दिसायला सेटिंगमध्ये जाऊन एक टिक करावी लागायची, आणि मग ते विंडोजची सीडी मागायचं. सीडी कोणाकडे असायची? ती टिक नसेल तर अक्षरं दिसायची, पण जुळायची नाहीत. वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडलेली, जोडाक्षरं पाय मोडून उभी. अशा काळात, १ मे २००३ ला, मराठी विकिपीडिया सुरू झाला आणि लोकांनी त्यात लिहिलं. आज तो मजकूर कोणत्याही फोनवर वाचता येतो.

फोनवर तर आणखी मजा. तुमच्या मोठ्या ताई-दादाला ऑपेरा मिनी विचारा. अ‍ॅड्रेसच्या जागी एक गुप्त कॉन्फिग पान उघडायचं आणि अवघड लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्टचा पर्याय चालू करायचा. मग ऑपेराचा सर्व्हर मराठी मजकुराची चित्रं करून पाठवायचा आणि साध्या फोनवरही चौकोन जाऊन बातमी दिसायची.

मराठीचं स्वतःचं दुखणंही होतं. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र आकडा मिळाला तो २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत. तोवर लोक 'अ'वर चंद्र चढवायचे किंवा हिंदी पद्धतीचा 'ऍ' वापरायचे. त्यामुळे आजही 'ॲप' हा शब्द आतून तीन वेगवेगळ्या प्रकारांनी लिहिलेला सापडतो, आणि साध्या शोधात एक सापडला तर दुसरा निसटतो.

२०१० मध्ये जुना जुगाड पुन्हा एकदा परतला. १५ जुलैला केंद्रीय मंत्रिमंडळाने उदय कुमार यांनी केलेलं रुपयाचं चिन्ह मंजूर केलं. कॉम्प्युटरवर ते कुठेच नव्हतं. मंगळुरूच्या फोरेडियन कंपनीने लगेच एक फुकट फॉन्ट काढला. एस्केपच्या खालची उलट्या स्वल्पविरामासारखी की दाबली की रुपया उमटायचा. ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोड ६.० ने रुपयाला त्याचा आकडा दिला, ८३७७. त्याच आवृत्तीत इमोजींची पहिली मोठी फौजही आली. पण मधल्या काळात त्या फॉन्टमध्ये केलेल्या फाइलींमध्ये रुपया दिसतो आणि साठलेली असते ती तिरकी खूण. असा मजकूर कॉपी केला की रकमेआधी बारीकशी रेघ येते.

मग आता करायचं काय?

काय दिसतंय यावरून रोग ओळखा.

चौकोन दिसला: चित्र नाही, अक्षर आहे. फोनची सिस्टिम आणि ब्राउझर अपडेट करा, कॉम्प्युटर असेल तर नोटो टाका. कॉम्प्युटरवरचा फायरफॉक्स चौकोनाच्या आत अक्षराचा क्रमांकही दाखवतो.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए', मग काटेरी गोल, मग गोलातला 'आर', असं दिसलं: अक्षर शाबूत आहे, ब्राउझर ते चुकीच्या पद्धतीने वाचतोय. यूटीएफ-८ मध्ये 'म' तीन तुकड्यांत साठतो आणि हे ते तीन तुकडे सुटे दिसताहेत. फायरफॉक्समध्ये 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' वापरून बघा. वेबसाइट तुमचीच असेल तर पानाच्या सुरुवातीला यूटीएफ-८ जाहीर करा.

ओळीने प्रश्नचिन्हं दिसली: हे वाईट. बहुतेक वेळा मजकूर साठवतानाच मराठी फेकून दिलेली असते. मूळ प्रत शोधा, फॉन्ट बदलून काही होणार नाही.

सुटी इंग्रजी अक्षरं आणि मधेच कंस, डॉलर: जुना फॉन्ट. नेमका कोणता ते कळलं तर त्याचा कन्व्हर्टर शोधून मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. अशा कन्व्हर्टरनंतर एकदा वाचून घ्या, रफार आणि जोडाक्षरं हमखास चुकतात.

आणि एक काम या रविवारी कराच. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर आजोबांच्या आठवणी असतील, मंडळाची स्मरणिका असेल, सोसायटीचं इतिवृत्त असेल. त्यातली एक ओळ कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी उमटली तर निश्चिंत राहा. खिचडी उमटली तर ज्या मशीनवर ते वाचता येतंय ती मशीन चालू आहे तोवरच फॉन्टची फाइल जपून ठेवा आणि मजकूर बदलून घ्या. नुसती पीडीएफ करून भागणार नाही, तिच्याही पोटात तीच खिचडी राहते.

माझा मामाच्या हार्ड डिस्कशी झगडा सुरू आहे. एक कवितासंग्रह छापील प्रतीशी ताडत ताडत अर्धा सोडवलाय. तुमच्याकडे काय निघतं ते कळवा. भेटू पुढच्या भागात!