आमवाताचे मनगट आणि शस्त्रक्रिया

रुमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात, मनगटात शिरला की आधी सांध्याचे आतले अस्तर सुजते. ते कूर्चा आणि हाडे पोखरते, अस्थिबंध सैल करते. करंगळीच्या बाजूचे हाड, अल्ना, वर उचलल्यासारखे होते आणि त्याचे डोके मनगटाच्या पाठीवर टेंगळासारखे दिसू लागते. मनगटाच्या शस्त्रक्रियांचा इतिहास बराचसा या डोक्याभोवतीच फिरतो.

ते कापून काढण्याची पद्धत न्यूयॉर्कचे विल्यम डॅराक यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी ती १९१२च्या सुमारास वापरली ती दुखापतीनंतर निखळलेल्या हाडासाठी. आमवाताशी तिचा संबंध पुढे आला. १९४८ साली लंडनच्या व्हॉन-जॅक्सन यांनी अल्नाच्या खडबडीत टोकावर घासून कंडरा तुटतात हे दाखवून दिले. त्यांच्या लेखात रुग्ण दोनच होते, पण आमवातातल्या या बिघाडाला पुढे त्यांचेच नाव चिकटले.

हा बिघाड फसवा असतो. एके दिवशी करंगळी सरळच होत नाही. दुखणे फारसे नसते. दुसऱ्या हाताने उचलली तर ती सहज उठते, सोडली की पुन्हा पडते. विहिरीच्या दगडी काठावर पोहऱ्याचा दोर झिजावा तशी कंडरा आत झिजत आलेली असते. तुटलेली टोके इतकी विरलेली असतात की त्यांना थेट टाके घालून भागत नाही. मग करंगळीची कंडरा शेजारच्या बोटाच्या कंडरेला जोडतात, किंवा तर्जनीला सरळ करणाऱ्या दोन कंडरांपैकी एक उसनी घेतात.

म्हणून सुजलेले अस्तर आणि हाडाचे डोके वेळीच काढावे, हा विचार १९५० नंतर रुजला. फिनलंडमधील हेइनोला येथे १९५१ साली सुरू झालेल्या संधिवाताच्या रुग्णालयात काउको वाइनिओ यांनी अशा शस्त्रक्रियांना शिस्त आणली. मात्र डोके काढले की मनगटाची लहान हाडे त्या बाजूला घसरू शकतात. तिथे १९३६ सालची सोव्हे-कापांजी पद्धत उपयोगी पडते: डोके न काढता ते शेजारच्या रेडियस हाडाला जोडायचे आणि त्याच्या खालचा अल्नाचा तुकडा काढून तळहात वळण्याची सोय ठेवायची.

सांधा पुरताच गेला असेल तर प्रश्न उरतो तो वेदना घालवायची की हालचाल राखायची, हा. हाडांतून धातूची सळई घालून मनगट जखडण्याच्या पद्धती १९६० आणि १९७०च्या दशकांत प्रचलित झाल्या. मनगट वाकत नाही, पण पकड भरवशाची होते. हालचाल राखण्यासाठी अमेरिकेत स्वॉन्सन यांनी सिलिकोनचा, तर बर्नमध्ये मॉयली यांनी धातूचा सांधा बनवला. सिलिकोन मोडत असे, धातूचा सांधा हाडात सैल होई. जखडलेले मनगट कमी आकर्षक असले तरी टिकाऊपणात तेच सरस ठरले.

१९८०च्या दशकात मेथोट्रेक्सेटचा वापर वाढला, १९९८नंतर जैविक औषधे आली, आणि या शस्त्रक्रियांची संख्या अनेक देशांत घटली. पण करंगळी अचानक पडली तर आजही थांबता येत नाही, कारण त्याच कंगोऱ्यावर पुढची पाळी अनामिकेच्या कंडरेची असते.