हिमाच्छादनातील कार्बन डाय-ऑक्साइडाचे वहन

पर्वतीय प्रदेशातील जमिनीत निर्माण होणारा कार्बन डाय-ऑक्साइड वायू हिवाळ्यात साचलेल्या हिमाच्या थरांतून वातावरणात जाण्याची क्रिया. हिम म्हणजे जमिनीला बसलेले झाकण, या समजुतीने हिवाळ्यातील हे उत्सर्जन दीर्घकाळ नगण्य मानले जाई. वस्तुतः हिम अतिशय सच्छिद्र असते. दर घ. मी. ला ३०० किग्रॅ. घनतेच्या हिमात सु. दोन-तृतीयांश जागा हवेची असते. शिवाय जाड हिम उष्णतेचे दुर्वाहक असल्याने त्याखालील जमीन ०° से. च्या आसपास राहते आणि तेथील सूक्ष्मजंतूंचे श्वसन हिवाळाभर चालते.

या विषयाचा पाया मृदाविज्ञानात घातला गेला. विसरणाचा (वायूचे रेणू जास्त संहतीच्या भागाकडून कमी संहतीच्या भागाकडे पसरण्याच्या क्रियेचा) नियम आडोल्फ फिक यांनी १८५५ मध्ये मांडला होता. एडगर बकिंगहॅम यांनी १९०४ मध्ये मातीतील वायूंचा विनिमय मुख्यतः विसरणाने होतो व वातावरणीय दाबातील चढउतारांचा त्यातील वाटा अल्प असतो, असे दाखविले. हा निष्कर्ष मातीपुरता योग्य होता. हिम मात्र मातीहून कितीतरी अधिक पार्य असते, ही गोष्ट तो हिमाला लागू करताना नजरेआड होणे सोपे होते.

अलास्कातील हिमाखाली कार्बन डाय-ऑक्साइडाची संहती बाहेरील हवेपेक्षा जास्त असल्याचे १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनांवरून दिसून आले. १९९३ मध्ये आर. ए. सॉमरफेल्ड व सहकाऱ्यांनी वायोमिंग राज्यातील पर्वतीय हिमाच्छादनातून होणारे उत्सर्जन मोजून ते जागतिक हिशेबात धरण्याजोगे असल्याचे प्रतिपादन केले. त्यांची पद्धत साधी होती : हिमातील निरनिराळ्या खोलींवरची संहती मोजावयाची आणि तिच्या प्रवणतेवरून विसरणाच्या नियमाने वायूचे प्रमाण काढावयाचे.

वाऱ्यामुळे अडचण येते ती येथेच. वारा हिमाच्या उंचवट्यांवरून वा वृक्षांभोवतून वाहताना समोरच्या बाजूस दाब वाढतो व आडोशास कमी होतो; तसेच वाऱ्यातील संक्षोभामुळे पृष्ठावरील दाब क्षणोक्षणी बदलतो. त्यामुळे हिमाच्या छिद्रांतील हवा आतबाहेर ढकलली जाते. एस. सी. कोलबेक यांनी १९८९ मध्ये या क्रियेचे गणिती विवेचन केले. हिमातील वायूंच्या वहनास ती लागू करण्याचे काम डब्ल्यू. जे. मॅसमन व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये केले. जोराच्या वाऱ्यात हिमातील संहती घटते. ही घट श्वसन मंदावल्याने झालेली नसते. साचलेला वायू लवकर निघून गेल्याने ती होते. केवळ विसरण गृहीत धरून हिशेब केल्यास उत्सर्जन प्रत्यक्षाहून कमी भरते.

दोन्ही क्रियांचे वाटे वेगळे करण्यास समस्थानिकांचा उपयोग झाला. कार्बन (१३) असलेला रेणू जड असल्याने कार्बन (१२) असलेल्या रेणूपेक्षा सु. ४·४ सहस्रांश सावकाश विसरण पावतो. त्यामुळे केवळ विसरण चालू असता हिमाखालील वायूत जड समस्थानिकाचे प्रमाण मूळ श्वसनातील प्रमाणापेक्षा तितकेच जास्त राहते. वाऱ्याने हवा एकत्रितपणे ढकलली गेली, की हा भेदभाव उरत नाही व फरक कमी होतो. कोलोरॅडोतील नायवट रिज येथे सु. ३,०५० मी. उंचीवरील वनात डी. आर. बोलिंग व मॅसमन यांनी या तत्त्वाचा अवलंब केला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार वाऱ्यामुळे वहन अल्पकाळ सु. ४०% पर्यंत वाढते. दीर्घकाळाची सरासरी वाढ मात्र सु. ८ ते ११% इतकीच असते.

ही मर्यादा स्वाभाविक आहे. वारा वायू निर्माण करीत नाही. त्याच्या जाण्याची वेळ बदलतो. हिमात बर्फाचे घट्ट पापुद्रे असल्यास हा परिणाम आणखी घटतो. एकूण उत्सर्जन ठरते ते जमिनीच्या तापमानावर. याच वनात आर. के. मॉन्सन व सहकाऱ्यांना (२००६) हिमाचा थर पातळ असलेल्या हिवाळ्यांत जमीन अधिक थंड होऊन श्वसन घटल्याचे आढळले. अशा दोन हिवाळ्यांतील उत्सर्जनाची तुलना हिमातील संहतीवरून करताना त्या त्या वेळच्या वाऱ्याची नोंदही पाहावी लागते.