सुटा भाग दुसऱ्याचा, जबाबदारी कोणाची?

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात मोटार जुळवली जाते आणि तिचे असंख्य सुटे भागही याच पट्ट्यातील लहान-मोठ्या कारखान्यांत तयार होतात. १९६६ मध्ये आलेल्या टेल्कोभोवती पुरवठादारांचे जाळे विणले गेले. पुढे चाकणला बजाज, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ आणि महिंद्र यांचे प्रकल्प उभे राहिल्यावर ते अधिकच विस्तारले. तरीही भोसरीत बनलेला भाग भोसरीच्याच गॅरेजमध्ये बसवताना ग्राहकाच्या मनात धाकधूक असते. बाहेरचा भाग लावला तर वॉरंटी जाईल का? तो जुळला नाही तर दाद कोणाकडे मागायची?

नुसते बसणे पुरेसे नाही

पूर्वी माप आणि आटे जुळले की भाग बसत असे. आता इंजिन, ब्रेक आणि चावीसुद्धा संगणकीय नियंत्रकाशी जोडलेली असते. नवा भाग बसवल्यावर त्याची ओळख गाडीच्या नियंत्रकाला करून द्यावी लागते आणि त्यासाठी लागणारी तपासणी यंत्रणा व सॉफ्टवेअर कंपनीकडे असते. ते मिळाले नाही, तर कुशल मेकॅनिकचेही हात बांधले जातात.

कॅमेऱ्यांच्या बाबतीत हेच घडले. निकॉनच्या १९५९ च्या 'एफ' माउंटला अन्य कारखानदारांची भिंगे बसवणे हा प्रामुख्याने यांत्रिक प्रश्न होता. कॅननने १९८७ मध्ये भिंग आणि कॅमेरा यांच्यातील संवाद पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक केला, तेव्हापासून सिग्मा, टॅमरॉनसारख्या कंपन्यांना त्या संवादाची भाषा उलगडणे किंवा परवाना घेणे भाग पडले. उलट ऑलिंपस आणि पॅनासॉनिक यांनी २००८ मध्ये सामाईक माउंट जाहीर करून एकमेकांची भिंगे चालतील अशी सोय केली. मार्ग खुला ठेवायचा की बंद, हे बरेचसे मूळ उत्पादकाच्या हाती असते.

स्पर्धा आयोगाचा आदेश

भारतात या प्रश्नाचा सर्वांत सविस्तर ऊहापोह मोटारींच्या संदर्भात झाला. जानेवारी २०११ मध्ये एका ग्राहकाने होंडा, फोक्सवॅगन आणि फियाट यांच्याविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. सुटे भाग आणि तपासणी यंत्रणा खुल्या बाजारात मिळत नाहीत, असा तिचा आशय होता. पुढे चौकशीची व्याप्ती १७ कंपन्यांपर्यंत वाढली. आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कंपन्यांना एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यात टाटा मोटर्सचा वाटा १,३४६.४६ कोटी, महिंद्रचा २९२.२५ कोटी, मर्सिडीज-बेंझचा २३.०८ कोटी, तर फोक्सवॅगनचा ३.२५ कोटी रुपयांचा होता.

गाडी घेताना ग्राहकापुढे अनेक पर्याय असतात. मात्र ती घेतल्यावर तो त्या कंपनीच्या सुट्या भागांशी बांधला जातो, असे आयोगाचे म्हणणे होते. पुरवठादारांनी कंपनीच्या संमतीविना खुल्या बाजारात भाग विकू नयेत, अशा करारांतील अटींवरही आयोगाने बोट ठेवले. भोसरी-चाकणच्या लघुउद्योजकांच्या दृष्टीने हाच कळीचा मुद्दा होता.

सुरक्षितता आणि बौद्धिक संपदा हे कंपन्यांचे प्रमुख बचाव होते. आयोगाने ते सरसकट मान्य केले नाहीत. पुरवठादारांना खुल्या बाजारात विक्रीची मुभा द्यावी आणि आवश्यक तेथे कंपनीने स्वामित्वधन आकारावे, असा मध्यममार्ग त्याने सुचवला.

टोयोटा, निस्सान आणि फोर्ड यांच्या अपिलांवर स्पर्धा अपील न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये निर्णय दिला. कायदाभंगाचा निष्कर्ष कायम राहिला. दंड मात्र सुट्या भागांच्या उलाढालीपुरता मोजावा, असे ठरले. अन्य काही कंपन्यांनी दिल्ली व मद्रास उच्च न्यायालयांत आयोगाच्या अधिकारांनाच आव्हान दिले.

वॉरंटीची मर्यादा

ग्राहकासाठी या आदेशातील सर्वांत महत्त्वाचा भाग वॉरंटीचा आहे. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने संपूर्ण वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असे आयोगाने बजावले. बाहेरच्या सदोष कामामुळे नुकसान झाले असेल, तर तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. याचा व्यावहारिक अर्थ असा, की बाहेरून दिवा बदलला म्हणून गिअरबॉक्सची जबाबदारी झटकता येऊ नये.

परंतु जबाबदारी एकतर्फी नाही. मूळ उत्पादकाने अडथळा आणू नये ही अपेक्षा रास्त असली, तरी दुसऱ्याचा प्रत्येक भाग आपल्या गाडीत चालेल याची हमी त्याने द्यावी, असे आयोगाने म्हटलेले नाही. ती हमी भाग बनवणाऱ्याची. सीएनजी कीट हे त्याचे परिचित उदाहरण होय. नंतर बसवायच्या कीटला पुण्याच्या 'एआरएआय'सारख्या अधिकृत चाचणी संस्थेची मान्यता लागते आणि बदलाची नोंद परिवहन कार्यालयात करावी लागते. गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ प्रतिबंध करते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए नुसार सुरक्षिततेच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणून अधिसूचित झालेले, पण निकषांत न बसणारे भाग विकणे हा दंडनीय गुन्हा आहे.

ग्राहकाने काय करावे?

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. तिच्या विषयांत मोटारींचाही समावेश होता. त्याच वर्षी २४ डिसेंबरला यासंबंधीचे संकेतस्थळ सुरू झाले.

तथापि वाद उद्भवल्यास कागदच उपयोगी पडतो. भागाचे पक्के बिल, त्यावरील उत्पादकाचे नाव आणि गॅरेजची पावती जपून ठेवावी. वॉरंटी नाकारल्यास तोंडी उत्तरावर समाधान न मानता लेखी कारण मागावे. बाहेरच्या भागाचा आणि बिघाडाचा संबंध कसा, हेही त्यात विचारावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते.